भांडवल एकाचे, श्रम दुसऱ्याचे : मक्का ते महाविद्यालय

१/ व्यापाराची धमक आहे, पण गाठीशी भांडवल नाही. अशा तरुणाने काय करावे? व्यवसाय-व्यवस्थापनाच्या आजच्या विद्यार्थ्यापुढील हा प्रश्न चौदाशे वर्षांपूर्वीच्या मक्केतही होता.

२/ तिथले उत्तर होते 'मुदारबा'. एकाने भांडवल द्यायचे, दुसऱ्याने व्यापार करायचा. नफा आधी ठरलेल्या प्रमाणात वाटला जाई. तोटा आला तर धनिकाचे मुद्दल बुडे, व्यापाऱ्याचे श्रम वाया जात. मात्र हलगर्जीपणा केल्यास भरपाई व्यापाऱ्यानेच करायची.

३/ इस्लामी परंपरेनुसार, विवाहापूर्वी मुहम्मद पैगंबर खदीजा या धनाढ्य व्यापारी स्त्रीचा माल घेऊन सीरियाकडे गेले होते. पुढे व्हेनिस आणि जिनोव्हा येथील दर्यावर्दी व्यापाऱ्यांत याच धर्तीचा 'कोमेंदा' करार रूढ झाला.

४/ कर्जाचा न्याय वेगळा. धंदा बुडाला तरी मुद्दल आणि व्याज चुकत नाही. म्हणजे खरा प्रश्न उरतो तो एवढाच : अपयशाची किंमत कोणी मोजायची?

५/ १९६३ मध्ये इजिप्तच्या मित घम्र गावात अहमद अल-नज्जार यांनी बिनव्याजी बचत बँक उभारली. त्यांचे शिक्षण जर्मनीत झाले होते. तिथल्या स्थानिक बचत बँका हाच त्यांचा आदर्श होता. १९६७ पर्यंत हा प्रयोग गुंडाळला गेला, कल्पना मात्र टिकली.

६/ १९७५ मध्ये दुबई इस्लामिक बँक सुरू झाली. १९८३ मध्ये मलेशियात आंतरराष्ट्रीय इस्लामी विद्यापीठ स्थापन झाले आणि तिथे आधुनिक अर्थशास्त्राच्या जोडीने इस्लामी अर्थविचारही शिकवला जाऊ लागला.

७/ इथेच इतिहासाला कलाटणी मिळाली. वर्गात मुदारब्याचा गौरव होत राहिला. बँकांनी मात्र मुख्यतः 'मुराबहा' स्वीकारला. त्यात बँक वस्तू विकत घेते आणि नफा चढवून ग्राहकाला हप्त्यांवर विकते. ठेवीदारांचा पैसा जपायचा आणि अनोळखी उद्योजकाचा हिशेब तपासायचा, हे अवघड होते. परिणामी जोखीम बव्हंशी पुन्हा तरुणाच्याच माथी आली.

८/ मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांनी १९९१ मध्ये मांडले की कृतीचा इरादा तीन गोष्टींवर ठरतो : त्या कृतीविषयीचे स्वतःचे मत, आप्तस्वकीयांचा कौल आणि 'हे मला जमेल' हा विश्वास. विद्यार्थ्यांचा उद्योजकतेकडील कल मोजताना अभ्यासक अनेकदा हीच चौकट वापरतात.

९/ इस्लामी अभ्यासक्रम असो वा प्रचलित, पुस्तक पहिल्या गोष्टीला आकार देते. तिसरी मात्र पुस्तकातून पुरती येत नाही. 'बुडालास तर एकटा बुडणार नाहीस' असे म्हणणारा कोणी पाठीशी लागतो. मक्केतील त्या तरुणापाशी तो होता.