‘स्पेस इन्व्हेडर्स एक्स्ट्रीम’ काय आहे? ३० वर्षं जुना खेळ हातात मावताना नेमकं काय बदललं?

काळ्या पडद्यावर परग्रहवासीयांच्या रांगा. त्या बाजूला सरकतात, कडेला पोचल्या की एक पायरी खाली उतरतात आणि उलट्या दिशेला चालू लागतात. खाली एकच तोफ. हे चित्र व्हिडिओ गेम कधीही न खेळलेल्या माणसालाही ओळखता येतं. १९७८ मध्ये जपानच्या टायटो कंपनीने आणलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’चं हे चित्र.

या खेळाला ३० वर्षं झाली तेव्हा, म्हणजे २००८ मध्ये, टायटोने त्याचा नवा अवतार आणला: ‘स्पेस इन्व्हेडर्स एक्स्ट्रीम’. तो आर्केडच्या उंच कपाटासाठी नव्हता. निन्टेंडो डीएस आणि सोनीचा प्लेस्टेशन पोर्टेबल (पीएसपी) या हातात धरून खेळायच्या यंत्रांसाठी तो बनवलेला होता. जुने गेम नव्या यंत्रावर आणले की बहुतेकदा नुसती रंगरंगोटी होते. इथे तसं का झालं नाही, हे समजायला आधी मूळ खेळ कसा चालायचा ते पाहायला हवं.

वेग कुठून आला?

मूळ खेळ तोमोहिरो निशिकादो यांनी बनवला. अटारी कंपनीच्या ‘ब्रेकआउट’ या विटा फोडण्याच्या खेळावरून त्यांना कल्पना सुचली. फक्त त्यांच्या विटा चालणाऱ्या आणि उलट गोळ्या झाडणाऱ्या होत्या. शत्रू म्हणून माणसं दाखवणं सोपं गेलं असतं, पण माणसांवर गोळ्या झाडणं योग्य वाटेना. म्हणून ऑक्टोपस, खेकडा आणि माकूळ यांच्या आकाराचे परग्रहवासी आले. खेळासाठी लागणारं इलेक्ट्रॉनिक यंत्रही निशिकादो यांनी स्वतःच जुळवलं.

या यंत्राचा मेंदू होता इंटेलची ८०८० ही चिप, आणि तिला काम जड जात होतं. पडद्यावर ११ जणांच्या ५ रांगा, म्हणजे ५५ शत्रू. एवढ्यांना एकदम हलवणं तिच्या आवाक्यात नव्हतं. पडद्यावरचं चित्र सेकंदाला साधारण ६० वेळा बदलायचं आणि दर वेळी एकच शत्रू पुढे सरकायचा. त्यामुळे अख्ख्या फौजेचं एक पाऊल पूर्ण व्हायला जवळजवळ एक सेकंद लागे. मात्र शत्रू मरत गेले की रांगेतले नंबर कमी होत आणि उरलेल्यांची पाळी लवकर येई. शेवटचा एकटा उरलेला शत्रू तर पडद्यावर सैरावैरा धावायचा.

म्हणजे या खेळाचं सगळ्यात गाजलेलं वैशिष्ट्य, जिंकत जाल तसा खेळ अवघड होत जाणं, हे मुळात यंत्राच्या अशक्तपणातून आलं. निशिकादो यांना ते आवडलं आणि त्यांनी ते तसंच ठेवलं. त्याला आवाजाची जोड मिळाली. खर्जातले चार सूर पुन्हा पुन्हा वाजतात आणि शत्रू कमी होतील तसे जलद होत जातात. छातीत धडधड वाढावी तसे.

मग अडचण काय होती?

२००८ च्या खिशातल्या यंत्रांनाही ५५ आकृत्या हलवणं म्हणजे किरकोळ काम होतं. अशा यंत्रावर तो वेग आपोआप येत नाही, मुद्दाम लिहावा लागतो. पडद्यांचे आकारही निराळे. मूळ पडदा उभा होता. डीएसला एकाखाली एक असे दोन छोटे पडदे होते, तर पीएसपीचा एकच पडदा चांगलाच आडवा.

‘एक्स्ट्रीम’ बनवणाऱ्यांनी त्या चार सुरांचा धागा पकडला, हा त्यांचा सगळ्यात चांगला निर्णय. मूळ खेळात आवाज वेगाच्या मागे धावत होता. इथे उलट झालं, खेळच संगीतावर बसवला गेला. मागे नाचाच्या क्लबमध्ये वाजतं तसं इलेक्ट्रॉनिक संगीत सुरू असतं आणि गोळी सुटण्याचे, शत्रू फुटण्याचे आवाज त्या ठेक्यात मिसळतात. आर्केडच्या गोंगाटात हे कोणाच्या कानावरही पडलं नसतं. हातातल्या यंत्राला हेडफोन लावले की ते नीट ऐकू येतं.

दुसरा बदल रंगांचा. १९७८ च्या यंत्राचा पडदा कृष्णधवल होता आणि त्यावर रंगीत पट्ट्या चिकटवून रंगांचा भास निर्माण केला जाई. ‘एक्स्ट्रीम’मध्ये रंग हाच नियम आहे. एकाच रंगाचे चार शत्रू सलग टिपले की बक्षीस पडतं: निळ्यांसाठी लेझर, लालांसाठी बॉम्ब, हिरव्यांसाठी रुंद मारा, काळ्यांसाठी संरक्षक कवच. एका रंगाच्या चौघांनंतर लगेच दुसऱ्या रंगाचे चौघे पाडले तर चमकणारी उडती तबकडी येते. ती टिपली की छोटी आव्हान फेरी सुरू होते, आणि ती जिंकली की ‘फीव्हर’. त्या थोड्या वेळात गुणांचा पाऊस पडतो. दिसेल त्याला गोळी घालणाऱ्यापेक्षा कोणाला आधी आणि कोणाला नंतर हे ठरवणारा खेळाडू इथे पुढे जातो. टप्प्यांच्या शेवटी अवाढव्य मुख्य शत्रू येतो, आणि गुण किती मिळाले त्यावरून पुढची वाट बदलते.

एक गोष्ट मात्र गेली

मूळ खेळात तोफेच्या वर चार आडोसे होते. गोळ्या लागून ते झिजत जात. मुरलेले खेळाडू आपल्याच आडोशाला खालून बारीक भोक पाडत आणि त्यातून नेम धरत. ‘एक्स्ट्रीम’ने हे आडोसे काढून टाकले. त्यामुळे दबा धरून बसण्याची मजा संपली आणि सतत हलत राहणं भाग पडलं. जुन्या खेळातला तो संथ, भीतीचा भाग ज्यांना प्रिय होता त्यांना ही उणीव जाणवणारच. पण बसमध्ये किंवा रांगेत उभं राहून पाच-दहा मिनिटं खेळणाऱ्यासाठी हा सौदा वाईट नाही.

एक गमतीची गोष्ट. ‘अर्कनॉइड’ हा टायटोचाच विटा फोडण्याचा खेळ, म्हणजे ‘ब्रेकआउट’च्या वंशातला. त्याच्या डीएस आवृत्तीसाठी कंपनीने यंत्राला जोडायची एक गोल फिरकी जपानमध्ये विकली होती. तीच फिरकी ‘एक्स्ट्रीम’मध्येही चालते. मूळ ‘स्पेस इन्व्हेडर्स’च्या यंत्रावर अशी फिरकी नव्हती, पण ज्या ‘ब्रेकआउट’वरून तो सुचला त्यावर होती.

२००९ मध्ये ‘एक्स्ट्रीम’ एक्सबॉक्स ३६० वर आला आणि त्याच वर्षी डीएससाठी दुसरा भाग निघाला. २०१८ मध्ये, मूळ खेळाच्या चाळिशीच्या वर्षी, तो स्टीमवरून संगणकावरही उपलब्ध झाला.