दुकानात गिऱ्हाईक ताटकळतंय? आधी गर्दीचा हिशोब समजून घ्या

बाजाराच्या दिवशी सेवा केंद्र, सलून, मोटार रिवायंडिंगचं दुकान किंवा दवाखाना, कुठंही जा, बाहेर माणसं ताटकळत बसलेली दिसतात. नंबर लवकर लागला नाही तर मजुराचा रोज बुडतो, गावाकडची एसटी चुकते. दुकानदाराचंही नुकसान होतं, कारण वैतागलेलं गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसरं दुकान बघतं.

रांग कशी वाढते?
रांगेच्या गणिताची सुरुवात डेन्मार्कचे एर्लांग यांनी केली. टेलिफोन एक्स्चेंजवरच्या कॉलच्या गर्दीबद्दल त्यांचा लेख १९०९ मध्ये आला. तेच गणित आपल्या दुकानालाही लागू पडतं.

समजा, दुकानात एकच माणूस काम करतो आणि एका गिऱ्हाईकाला सरासरी ६ मिनिटं लागतात. म्हणजे तासाला १० जणांचं काम उरकतं. पण गिऱ्हाईकं ठरवून येत नाहीत आणि प्रत्येकाचं काम सारखं नसतं. अशा वेळी नंबर लागेपर्यंत सरासरी थांबावं लागतं ते असं:

- तासाला ५ जण आले तर ६ मिनिटं
- ८ जण आले तर २४ मिनिटं
- ९ जण आले तर ५४ मिनिटं
- १० किंवा जास्त येत राहिले तर रांग वाढतच जाते

८ आणि ९ मध्ये फरक एका माणसाचा, पण खोळंबा दुपटीहून जास्त. म्हणून भर गर्दीतलं एखाददुसरं गिऱ्हाईक दुसऱ्या वेळेला वळवलं तरी सगळ्यांची सुटका होते.

दुकानदारानं काय करावं?
- ओळखीच्या गिऱ्हाईकाला फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर दुपारची, कमी गर्दीची वेळ द्यावी.
- आल्या आल्या नंबराची चिठ्ठी द्यावी आणि अंदाजे वेळ सांगावी. पुढं ७ जण असतील तर साधारण ४० मिनिटं. तेवढ्यात माणूस बाजार करून येतो.
- कागदपत्रं रांगेतच तपासावीत. अपुरी असतील तर तिथंच सांगावं.
- दोन काउंटर असले तरी रांग एकच ठेवावी. जो काउंटर मोकळा होईल तिथं पुढचा माणूस जातो, भांडण होत नाही.
- सर्व्हर बंद असेल तर दारावर पाटी लावावी. उगाच बसवून ठेवू नये.
- ओळखीच्या माणसाला मधेच घुसवू नये. रांगेतल्या बाकीच्यांचा भरवसा उडतो.

गिऱ्हाईकानं काय करावं?
निघण्याआधी फोन करून गर्दी विचारा. झेरॉक्स, फोटो, आधार सोबत ठेवा. काही कामांना रांगेची गरजच नाही. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत मोबाईलवरच मिळतो.

दुकानदारांनी आठवडाभर एका वहीत कोणत्या तासाला किती गिऱ्हाईकं आली ते लिहून ठेवावं. गर्दी नेमकी कधीची हे त्यातून कळेल आणि कुणाला कोणती वेळ द्यायची तेही ठरवता येईल.