दहावा रकाना

लहानपणी आमच्या वाडीत क्रिकेटचे संघ पाडायचे, तेव्हा दोन कप्तान आळीपाळीने एकेक गडी मागून घेत. ज्याची बॅट तो पहिला जाई. मग फटकेबाज, मग गोलंदाज, मग ज्याच्या घरून पाणी मिळे तो. शेवटी मी उरे. माझ्यावरून मात्र दोन्ही कप्तानांत चुरस लागे. "तू घे." "छे, तूच घे." अखेर लिंबूटिंबू म्हणून मला दोन्ही बाजूंनी क्षेत्ररक्षणाला उभं करत. सांगायचा मुद्दा असा, की माणसं निवडण्याच्या शास्त्राशी माझा संबंध जुना आहे. फक्त तो खालच्या टोकाकडून आहे.

२०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता न्यू जर्सीला चिरंजीवांकडे गेलो होतो. एके दिवशी नातू म्हणाला, "आजोबा, आमच्या फॅन्टसी बास्केटबॉल लीगमधला एक जण गळलाय. दहावा ओनर हवाय. तुम्ही होता का?"

'ओनर' म्हटल्यावर मी विरघळलोच. जन्मात दोन खोल्यांच्या ब्लॉकखेरीज मी कशाचा मालक झालो नव्हतो, आणि त्याचेही हप्ते फेडता फेडता केस गेले.

खेळ असा. खरे खेळाडू अमेरिकेच्या एनबीएत खेळत असतात. आपण घरी बसून त्यांतले तेरा निवडायचे. त्यांनी मैदानात जे करावं त्याचे आकडे आपल्या खाती जमा. घाम त्यांचा, श्रेय आपलं. तीस वर्षं सरकारी नोकरी केल्यामुळे ही पद्धत मला समजावून सांगावी लागली नाही. आकड्यांचे रकाने नऊ: गुण, रिबाउंड, असिस्ट, हिसकावलेले चेंडू, अडवलेले चेंडू, लांबून मारलेले तिहेरी बास्केट, नेमबाजीच्या दोन टक्केवाऱ्या आणि घालवलेले चेंडू. निवड नागमोडी. पहिल्या फेरीत एक ते दहा, दुसरीत दहा ते एक. क्रमासाठी चिठ्ठ्या टाकल्या. माझा नंबर दहावा आला. वाडीची परंपरा साता समुद्रापारही अबाधित राहिली.

ड्राफ्टला दहा दिवस होते आणि बाहेर थंडी सुरू झाली होती. मी गावातल्या लायब्ररीत जाऊन बसू लागलो. नातू खेळाडू वाचत होता, मी इतिहास.

या घरबसल्या मालकीचं आजचं रूप बेसबॉलमधून आलं. डॅनियल ओक्रेंट नावाच्या लेखकाने नियम रचले आणि १९८० साली मित्रमंडळींना जमवून पहिला लिलाव केला. न्यूयॉर्कच्या 'ला रोटिसरी फ्रान्सेज' या हॉटेलात ही मंडळी जेवत, म्हणून लीगचं नावही रोटिसरी पडलं. गंमत म्हणजे, ज्याने हा खेळ काढला त्या ओक्रेंटला आपली ती स्पर्धा काही जिंकता आली नाही. पत्रिका मांडणाऱ्याची स्वतःची मुलगी घरी राहावी, तशातला प्रकार.

खरा ड्राफ्ट त्याहून जुना. फिलाडेल्फियाच्या फुटबॉल संघाचा मालक बर्ट बेल सतत हरून कंटाळला होता. त्याने १९३५ साली सुचवलं, की जो संघ तळाला तो नव्या मुलांतून आधी निवडेल. १९३६ ला पहिला ड्राफ्ट झाला. बेलने जे बर्वांगर या गाजलेल्या खेळाडूला पहिलं नाव दिलं, आणि बर्वांगर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. थोडक्यात, मुलगी पसंत पडली, याद्या झाल्या, आणि मुलीने लग्नच करायचं नाही म्हणून सांगितलं. बास्केटबॉलने ही चाल १९४७ पासून उचलली.

त्यानंतरचा इतिहास म्हणजे कांदेपोह्यांच्या कार्यक्रमांचा इतिहास. १९८४ साली ह्यूस्टनने पहिला हकीम ओलाजुवान घेतला. त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. दुसरी पाळी पोर्टलंडची. त्यांच्याकडे क्लाइड ड्रेक्सलर होता. त्याच जागेवर आणखी एक कशाला? घरात कढई आहे, आता कुकर बघू, असा त्यांचा सुज्ञ विचार. म्हणून त्यांनी सात फूट एक इंचाचा सॅम बुवी निवडला. उरलेली कढई शिकागोने उचलली. तिचं नाव मायकेल जॉर्डन. पुढे तिच्यात सहा अजिंक्यपदं शिजली.

बुवीचा पाय कॉलेजातच मोडला होता आणि त्यापायी त्याचे दोन मोसम बुडाले होते. पोर्टलंडने डॉक्टरी तपासणीही केली होती. २०१२ च्या एका माहितीपटात बुवीने कबूल केलं, की डॉक्टर ठोकून विचारत होते तेव्हा दुखत असूनही त्याने दुखत नाही म्हणून सांगितलं. मला हे वाचून त्याचा राग आला नाही. बघायला आलेल्यांसमोर लंगडतं कोण?

पण मी खरा अडकलो तो १९५६ सालापाशी. त्या वर्षी बिल रसेल नावाचा उंच मुलगा ड्राफ्टला होता. पहिली पाळी असलेल्या रॉचेस्टरने त्याला सोडून दुसराच घेतला. सेंट लुइसने रसेल घेतला आणि दोन खेळाडूंच्या बदल्यात बॉस्टनला देऊन टाकला. रसेल तेरा मोसम खेळला आणि बॉस्टनने अकरा अजिंक्यपदं मिळवली. आता त्याचे आकडे काढा. सामन्यामागे गुण सरासरी पंधरा. बरे, पण आरती ओवाळावी असे नाहीत. रिबाउंड उदंड. आणि ज्यात त्याचा हात धरणारा नव्हता, ते चेंडू अडवणं? तिथे काहीच नाही. कारण एनबीएने अडवलेले चेंडू मोजायला सुरुवात केली १९७३-७४ च्या मोसमात. रसेल १९६९ लाच निवृत्त झाला होता. रकानाच नव्हता!

आणि आज रकाना असला तरी काय? रसेल समोर उभा दिसला की पुष्कळदा माणूस चेंडू मारतच नसे. न मारलेला चेंडू कुठल्या रकान्यात लिहिणार?

मी पुस्तक मिटलं. मला आमच्या सेक्शनमधले एक कारकून आठवले.

अधीक्षक म्हणून मी अकरा वर्षं हाताखालच्या लोकांचे गोपनीय अहवाल लिहिले. तिथेही रकानेच: वक्तशीरपणा, टिपणी, कामाचा उरक वगैरे. या गृहस्थांचा उरक बेताचा. कारण त्यांचं टेबल दाराशी होतं. तावातावाने आलेला माणूस आधी त्यांच्या तावडीत सापडे. ते त्याला पाणी देत, बसवत, कागद बघत, आणि माणूस नमस्कार करून परत जाई. माझ्यापर्यंत तक्रार येतच नसे. मला वाटे, सेक्शन मी उत्तम चालवतो. त्यांना मी सलग तीन वर्षं 'साधारण' असा शेरा दिला. बढती हुकली. मग त्यांची बदली झाली, आणि महिन्याभरात माझ्या केबिनबाहेर रांग लागली. तेव्हा मला कळलं, की सेक्शन कोण चालवत होतं. तोवर शेरे वर गेले होते. त्यांच्या निरोप समारंभाला मी गेलो, तर ते भाषणात म्हणाले, "साहेबांनी मला कधी त्रास दिला नाही." माझ्याविषयी इतका टोचणारा शेरा कोणीच लिहिलेला नाही.

ड्राफ्टच्या रात्री नातवाला पहिली पाळी मिळाली. त्याने निकोला योकिच घेतला. २०१४ साली याच योकिचचं नाव एक्केचाळिसावं पुकारलं गेलं, तेव्हा टीव्हीवर टॅको बेलची जाहिरात चालू होती आणि तो स्वतः सर्बियात झोपला होता. पुढे तीनदा तो वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

नवव्या फेरीत मी ड्रेमंड ग्रीनचं नाव सांगितलं. नातू ओरडलाच. "आजोबा! त्याचे पॉइंट्स बघा! आणि मारामाऱ्या करतो तो!" खरं होतं. २०२३ च्या डिसेंबरात प्रतिस्पर्ध्याच्या तोंडावर हात मारला म्हणून त्याला बारा सामने बाहेर बसवलं होतं. आमच्या कारकुनांनी माशीसुद्धा मारली नव्हती. पण ग्रीनच्या संघाने त्याच्यासह चार अजिंक्यपदं जिंकली होती, आणि समोरच्याला सुचू न देणं हे त्याचं काम. मी नातवाला रसेल सांगितला. मग कारकूनही सांगितले.

तो ऐकून म्हणाला, "मग तुम्ही नंतर त्यांचा शेरा बदलला नाही?"

"वर गेलेला शेरा बदलता येत नाही, बाळा."

"विचारलं होतंत?"

मी काही बोललो नाही. तेवढ्यात त्याची पाळी आली, म्हणून सुटलो.

माझा संघ दहांत सातवा आला. वाडीच्या मानाने ही प्रगतीच म्हणायची.