तोंड उघडत नाही: एका तक्रारीचे दोन इतिहास

समजा, मंचरच्या किंवा नारायणगावच्या एखाद्या दातांच्या दवाखान्यात दोन पेशंट आले. तक्रार एकच, तोंड पूर्ण उघडत नाही. एकाला कानापुढे दुखतं, घास चावताना जबड्यात कट्कन वाजतं. दुसऱ्याला तिखट अजिबात सोसत नाही, आणि गालाचं आतलं अस्तर पांढरट, ताठ झालंय. पहिल्याचा आजार सांध्याचा किंवा चावण्याच्या स्नायूंचा, दुसऱ्याचा अस्तराचा. हा फरक आज सोपा वाटतो, पण या दोन्ही आजारांची ओळख वेगवेगळ्या वाटांनी झाली.

पहिली वाट बघा. 1934 मध्ये जेम्स कॉस्टन या अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञाने 11 रुग्णांवरून मांडलं, की मागचे दात गेल्यामुळे जबडा जास्त मिटतो, सांध्यावर दाब येतो आणि म्हणून कान दुखतो. झालं! दातांची उंची वाढवणं, दात घासून चावा जुळवणं असे उपचार रूढ झाले. पुढे शरीररचनेच्या अभ्यासात कॉस्टनचं स्पष्टीकरण टिकलं नाही. पण घासलेला दात काही परत येत नाही. 1992 मध्ये संशोधनासाठी निदानाचे ठरावीक निकष आले. त्यांत सांधा आणि स्नायू वेगळे तपासायचे होतेच, शिवाय वेदनेचा मनावर आणि रोजच्या जगण्यावर होणारा परिणामही नोंदवायचा होता. 2014 मध्ये हे निकष सुधारले गेले.

दुसरी वाट आपल्याकडची. 1953 मध्ये मुंबईच्या डॉ. जोशींनी टाळू आणि घशाच्या कमानींच्या अस्तराखाली तंतू साचून ते ताठ होतं, असं वर्णन केलं. हाच सबम्युकस फायब्रोसिस. पण गावात तो किती लोकांना आहे, हे दवाखान्यात बसून कसं कळणार? खोडदची रेडिओ दुर्बीण ज्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, तिथल्याच दंतसंशोधन गटाने डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली पुणे जिल्ह्यातल्या 1,01,761 गावकऱ्यांची तोंडं तपासली. 1972 मध्ये ते निष्कर्ष छापून आले. तेव्हा हा आजार तुरळक होता. पुढे गुटख्याच्या पुड्या आल्या आणि चित्र पालटलं. महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटखाबंदी झाली, तरी सुपारी आजही सहज मिळते. ही सुपारीच या आजाराचं मुख्य कारण आहे.

आता उपचार. सांध्याच्या दुखण्यात आधी मऊ आहार, शेक, व्यायाम, थोडे दिवस वेदनाशामक, गरज पडली तर रात्री दातांवर घालायची पट्टी. शस्त्रक्रिया मोजक्यांनाच लागते. नुसता आवाज येतो, पण दुखत नाही आणि तोंड नीट उघडतं, तर बहुधा काहीच करावं लागत नाही. अस्तराच्या आजारात मात्र सुपारी लगेच थांबवावी लागते, तोंड उघडण्याचे व्यायाम करावे लागतात आणि कर्करोगाचा धोका असल्याने नियमित तपासणी चुकवून चालत नाही. अशा पेशंटला सांध्याची पट्टी देऊन घरी पाठवलं, तर सुपारी चालूच राहते आणि मोलाचे महिने जातात.

संशोधनाचा विषय निवडताना एवढं जरूर तपासा: तुमच्या प्रश्नावलीत ‘तोंड कमी उघडतं’ असा एकच रकाना आहे का? असेल, तर हे दोन्ही पेशंट त्यात एकाच आकड्यात मिसळतील, आणि नंतर कितीही भारी संख्याशास्त्र वापरलं तरी ते वेगळे काढता येणार नाहीत.