प्लेगच्या बातमीची तारीख

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझ्या टेबलावर 1897 सालच्या तारखांची एक यादी आहे. यादी पुण्याच्या प्लेगची आहे. त्या साथीतली सर्वांत गाजलेली बातमी तारखा सोडून वाचली, तर हमखास चुकीची वाचली जाते, म्हणून ही यादी केली.

फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला. मार्च ते मे वॉल्टर रँडच्या प्लेग कमिटीने गोऱ्या सोल्जरांकरवी घरोघर झडत्या घेतल्या. रोगी इस्पितळात, घरची माणसे सेग्रिगेशन कँपात. टिळकांनी पुणे सोडले नाही. हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ काढले आणि 'केसरी'तून झडत्यांच्या पद्धतीवर कडक लिहिले. मे महिन्यात पंडिता रमाबाईंचे पत्र 'बाँबे गार्डियन'मध्ये आले. प्लेगच्या इस्पितळात बायकांची होणारी दशा हा त्याचा विषय. 22 जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली.

गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी इंग्लंडात होते, वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गेलेले. सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतल्या एकीने जीव दिला, असे त्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर 'मँचेस्टर गार्डियन'ला सांगितले. जुलैच्या आरंभी ते छापून आले; हीच ती गाजलेली बातमी. 3 जुलैला रँड मरण पावला. 6 जुलैच्या 'केसरी'त 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा अग्रलेख. 27 जुलैला टिळकांना अटक. त्याच सुमारास सरदार नातू बंधूंना खटल्याशिवाय डांबले गेले. गोखले मुंबईला उतरले ते अशा हवेत. पत्रे लिहिणारे पुरावा घेऊन पुढे यायला तयार होईनात. 4 ऑगस्टला गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली.

ज्याच्या हाती जुलैचे कात्रण, तो आरोप सिद्ध झाला असे धरून चालतो. ज्याच्या हाती ऑगस्टचे, त्याला सारीच कंडी वाटते. माझ्या मते दोन्ही निष्कर्ष कागदांवर टिकत नाहीत. पुरावा देता आला नाही, एवढेच माफीवरून ठरते. संपादक तुरुंगात आणि सरदार कैदेत असताना आपल्या घरच्या बाईची अब्रू चव्हाट्यावर आणायला कोण धजावणार? इस्पितळांतल्या हालांना रमाबाईंचे पत्र आणि झडत्यांतल्या जाचाला 'केसरी' साक्षीला आहेत. रँडने लिहिलेला प्लेगच्या कामाचा अहवाल ही सरकारची बाजू. त्या दोन स्त्रियांबद्दल मात्र इतिहासकाराने 'आरोप' याच्या पुढे जाऊ नये.

लहान गावांच्या वृत्तपत्रांचे हाल याहून वाईट. मुंबई सरकारचा भाषांतरकार दर आठवड्याला देशी पत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा करी. कित्येक पत्रांचे मूळ अंक गेले, गोषवारा तेवढा उरला. त्यात काय यावे हे सरकारच्या गरजेने ठरे. सरकारवरची टीका त्यात सापडते; त्याच अंकातल्या जाहिराती, पुढच्या अंकातली दुरुस्ती सापडणे कठीण.

म्हणूनच राजारामपुरीत ज्यांनी 2019 आणि 2021 च्या महापुराची वर्तमानपत्रे ठेवली असतील, त्यांनी कृपा करून त्यांना कात्री लावू नये. अख्खे अंक ठेवा, पाणी ओसरल्यानंतरच्या पंधरवड्याचेही ठेवा. आणि घरात जागा नसेल, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी 1850 पासूनच्या करवीर नगर वाचन मंदिरात किंवा शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात एकदा विचारा.