आकडा कोरला, नावे कुठे गेली? नाटे आणि कोकणातले आपले सैनिक

राजापूर तालुक्यातल्या नाटे गावाचा इतिहास विचारला की कुणीही यशवंतगडाकडे बोट दाखवते. मग मुसाकाजीचे बंदर, जैतापूरची खाडी, राजापूरचा जुना व्यापार आणि शेवटी शेजारच्या माडबनचा अणुऊर्जा प्रकल्प. किल्ल्याचे बुरूज मोजणारे पुष्कळ लेख मिळतात. पण ज्या वाडीतून पोरे पलटणीत गेली, ती वाडी या इतिहासात येत नाही. हे फक्त नाट्याचे नाही, सगळ्या कोकणाचे आहे.

एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्हा मुंबई इलाख्याच्या लष्कराला शिपाई पुरवणारा मोठा जिल्हा होता. १८८० च्या सरकारी गॅझेटियरमध्येही ही नोंद आहे. मराठा शिपायांबरोबर महार शिपाईही मोठ्या संख्येने होते. बाबासाहेबांचे आजोबा मालोजी फौजेत होते, वडील रामजी सुभेदार झाले, आणि आजोळचे मुरबाडकर घराणेही सुभेदारांचेच. त्यांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात आहे.

पलटणीने आपल्याला काय दिले, हे नीट समजून घेतले पाहिजे. बंदूक आणि पेन्शन दिली, हे खरे. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फौजेतल्या शाळा. शिपायाला आणि त्याच्या मुलांना तिथे अक्षर मिळाले. रामजी सुभेदार स्वतः लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये निवृत्त होऊन दापोलीत राहिले, अनार्य दोषपरिहार मंडळी काढली आणि १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' छापले. कोकणातल्या आपल्या चळवळीचा पाया या पेन्शनरांनी घातला आहे. १९ मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनीही दापोलीच्या पेन्शनरांच्या त्या काळाची आठवण करून दिली होती.

आणि त्याच इंग्रजांनी १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद केली. 'लढवय्या जाती' नावाचे एक थोतांड त्यांनी उभे केले, त्यात आपण बसलो नाही. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे कोरली, त्यांच्याच पणतवंडांना भरतीच्या दारातून परत पाठवले. वलंगकरांनी अर्ज लिहिला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. दार उघडले ते १९१७ साली, जेव्हा महायुद्धात माणसे कमी पडू लागली. १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. गरज सरो, वैद्य मरो!

म्हणून कुणी 'तुम्ही इंग्रजांचे शिपाई' असा टोमणा मारला की मी चिडत नाही. मी १८९२ ची गोष्ट सांगतो. आपल्या लोकांनी इंग्रजांवर जीव लावला नव्हता, माणूस म्हणून उभे राहायला जिथे जागा मिळाली तिथे ते गेले. पेशवाईत ती जागा नव्हती. उलट, आपण क्षत्रिय होतो हे सिद्ध करायला सैनिकांची नावे वापरणारेही आपल्यात आहेत. मला ते पटत नाही. वर्णाच्या शिडीवर एक पायरी वर चढायला आपले आजे मेलेले नाहीत.

आता महायुद्धातल्या मृतांकडे येऊ. युद्धानंतर सरकारने महाराष्ट्रातल्या अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. मजकूर ठरलेला: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतके मृत्यू पावले. फक्त आकडा. या पाट्या कुठे चावडीत आहेत, कुठे शाळेच्या भिंतीत. ज्या चावडीच्या ओट्यावर आपल्या माणसाला चढता येत नव्हते, तिथल्या आकड्यात तो धरला की नाही, हे नावाशिवाय कळणार कसे? गावातला शहाणा माणूस म्हणतो, पाटी सगळ्या गावाची आहे, जात कशाला काढता? काढायला हवी, कारण नाव नसले की ते श्रेय गावातल्या मोठ्या घरांकडे आपोआप जाते.

हा प्रकार गावापुरता नव्हता. बसऱ्याच्या स्मारकावर मेसोपोटेमियात मेलेल्या, थडगे नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांची नोंद आहे. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी याच मोहिमेत कूतच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेल्या. पण त्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीनुसार नुसता आकडा. कोरेगावच्या स्तंभावर बावीस महार शिपायांची नावे आहेत. शंभर वर्षांनी साम्राज्याला शिपायाचे नाव कोरावेसे वाटले नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये या भेदभावाची अधिकृत माफी मागितली.

शिवाय मोजायला हवे ते फक्त बंदूकवाले नव्हेत. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे साडेचौदा लाख लोक भरती झाले, त्यांत साडेपाच लाखांहून जास्त बिनलढाऊ होते: हमाल, खेचरवाले, भिस्ती, सफाईवाले, आचारी. ज्यांना बंदूक धरायला बंदी होती, त्यांना ओझे उचलायला बंदी नव्हती. आपली माणसे शोधताना या याद्या सोडून चालणार नाही.

शोध कसा घ्यायचा तेही लिहितो, नुसता राग करून भागत नाही. युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी इंटरनेटवर फुकट पाहता येतात. अनेक हिंदी शिपायांच्या नोंदीत बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा असतो. राजापूर, रत्नागिरी असे टाकून शोधा. गावांची स्पेलिंगे वाटेल तशी आहेत, म्हणून नाट्याची चार-पाच रूपे करून पाहा. आडनावावर विसंबू नका. जुन्या कागदांत आपली नावे 'नाक' लावून येतात, आडनाव बहुधा नसतेच. ते नंतर गावावरून पडले. नाटेकर नावाचे कुटुंब आज मुंबईत असेल तरी मूळ नाटेच निघू शकते.

घरातल्या पेट्या उघडा. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. तेच पदक काशाचे निघाले तर तो माणूस बहुधा मजूर तुकडीत होता. मेलेल्यांच्या घरी बशीएवढी काशाची चकती पाठवली जात असे. तिच्यावर नाव असते, हुद्दा नसतो. चांदी म्हणून सोनाराकडे देण्याआधी कडेचा फोटो काढा.

दुसऱ्या महायुद्धाचे काम सोपे आहे. बाबासाहेबांच्या प्रयत्नांनंतर १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता, तो पुढे काढला गेला. त्या पिढीची मुले-सुना अजून हयात आहेत. बौद्धजन पंचायत समितीच्या गावशाखांनी आणि मुंबई शाखांनी मनावर घेतले तर गणपतीच्या किंवा शिमग्याच्या सुट्टीत चाकरमानी गावी आलेले असताना एका वाडीची यादी दोन दिवसांत होते. नाव, बापाचे नाव, पलटण, गेल्याचे साल, परत आला की नाही. परत न आलेल्यांच्या घरी पहिल्यांदा जा, कारण तिथे सांगणारे म्हातारे माणूस एखादेच उरलेले असते.