गावाचे मैदान आणि रिकामी तिजोरी

मंडळी, समजा तुमच्या गावच्या पंचायतीची तिजोरी रिकामी झाली आहे. दिवाबत्तीचे देणे थकले आहे, विहिरीची दुरुस्ती राहिली आहे. आणि गावाबाहेर पंचायतीच्या मालकीचे एक भले मोठे मैदान आहे, ज्यातून दमडीचे उत्पन्न नाही. अशा वेळी सभेत कुणीतरी उठतोच आणि म्हणतो, "विकून टाका ते मैदान. कर्ज तरी फिटेल!" त्याला काय उत्तर द्यावे?

हा प्रश्न सव्वादोनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज नावाच्या एका लहानशा गावापुढे उभा राहिला होता. त्याने काय केले आणि पुढे काय झाले, ते आज पाहू.

समुद्रकाठचे हे जुने गाव. पंधराव्या शतकाच्या आरंभी तेथे विद्यापीठही निघाले. गाव आणि समुद्र यांच्या मध्ये एक वाळवट पट्टा आहे. आपल्या कोकणात जिला पुळण म्हणतात, तशी जमीन. नांगर घालावा तर पीक येत नाही, पण आखूड, दाट गवत उत्तम येते. त्या भागात अशा जमिनीला 'लिंक्स' म्हणतात. गावचे लोक तेथे गुरे चारीत, बायका धुणे वाळत घालीत, आणि सगळेजण गोल्फ खेळत. गोल्फ म्हणजे काय? काठीने लहानसा चेंडू टोलवायचा आणि दूरवरच्या एका खळीत नेऊन घालायचा. आज हा खेळ श्रीमंतांचा समजतात. तेथे मात्र तो साऱ्या गावाचा होता. १५५२ साली आर्चबिशप हॅमिल्टन याने जी सनद दिली, तीत या जमिनीवर ससे पाळण्याचा उल्लेख आहे, आणि तेथे खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्कही मान्य केलेला आहे.

पुढे गावाचे दिवस फिरले. धर्मक्रांतीनंतर आर्चबिशपांचे वैभव गेले, आणि गाव हळूहळू कर्जात बुडाले. अखेर १७९७ साली गावच्या कौन्सिलने लिंक्स विकून टाकली. विकताना खेळाच्या जागेला धक्का लागू नये अशी अट घातली होती. पण अट पाळून घेणार कोण? दोनच वर्षांत जमीन डेम्पस्टर नावाच्या व्यापाऱ्यांच्या हाती आली आणि त्यांनी तेथे सशांची पैदास आरंभली. सशाच्या मांसाला आणि कातड्याला चांगला भाव होता. व्यापाऱ्यांचे काही चुकले असे त्यांना वाटण्याचे कारण नव्हते. त्यांनी जमिनीचे पैसे मोजले होते. पण ससा बिळे खणतो आणि गवताची मुळे कुरतडतो. बघता बघता मैदानाची चाळण झाली.

आता गावकरी जागे झाले. खेळाडू कोर्टात गेले. १८०५ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि लोकांना ससे मारण्याची मुभा मिळाली. मग काय विचारता! गावकरी ससे मारताहेत, व्यापारी भांडताहेत, आणि खटला लंडनला उमरावांच्या सभेपर्यंत गेलेला. तेथेही वाद मिटला नाही. १८२१ साली जवळच्याच स्ट्रॅथटायरमचा जमीनदार जेम्स चीप याने ती जमीन विकत घेतली. तो स्वतः गोल्फ खेळणारा होता, म्हणून मैदान वाचले.

पण मंडळी, येथे जरा थांबून विचार करा. मैदान वाचले ते कशामुळे? एका भल्या जमीनदाराला खेळाची आवड होती, यामुळे. उद्या त्याच्या वारसांना ती नसती तर? गावाची वस्तू कुणाच्या मर्जीवर जगू लागली की ती गावाची उरत नाही.

ही गोष्ट गावाला उमगायला पुष्कळ वर्षे लागली. १८५२ साली रेल्वे आली, पाहुणे वाढले, मैदानाचे मोल कळू लागले. १८९३ साली चीपच्या घराण्याकडून ती जमीन तेथल्या रॉयल अँड एन्शंट या गोल्फ क्लबने घेतली. पण गाव गप्प बसले नाही. १८९४ साली पार्लमेंटात खास कायदा होऊन लिंक्स पुन्हा गावाच्या मालकीची झाली. तडजोड मोठी शहाणपणाची होती. क्लबने देखभालीचा भार उचलायचा आणि जवळच एक नवे मैदान आपल्या खर्चाने करून द्यायचे. मोबदल्यात सभासदांना खेळण्याच्या काही सवलती. ते नवे मैदान १८९५ साली खुले झाले. १९१३ पासून परगावच्यांकडून शुल्क घेऊ लागले. गावकऱ्यांना मात्र १९४६ पर्यंत एक पैही पडत नव्हती.

१९७४ साली आणखी एक कायदा होऊन सारा कारभार सार्वजनिक विश्वस्त मंडळाकडे गेला. आज तेथे सात मैदाने आहेत. जगभरचे खेळाडू भारी शुल्क भरून येतात, आणि तो पैसा मैदानांच्याच देखभालीत जातो. गावकऱ्याला थोड्या वार्षिक वर्गणीत खेळता येते. सर्वांत जुन्या मैदानातून सार्वजनिक रस्ता जातो. एरवी रविवारी तेथे खेळ बंद असतो, आणि लोक मुलाबाळांसह, कुत्री घेऊन हिंडतात.

१७९७ च्या कौन्सिलला नुसती नावे ठेवून भागणार नाही. कर्ज खरे होते. चूक इतकीच, की वर्षाच्या अडचणीसाठी त्यांनी शतकांची वस्तू दिली. ती परत मिळवायला ९७ वर्षे लागली. विकण्यापलीकडे कितीतरी वाटा होत्या: परगावच्यांकडून शुल्क, वापरणाऱ्यांवर देखभालीचा भार, हिशेब उघडा ठेवणारे विश्वस्त. त्या सुचल्या, पण विकून झाल्यावर!

आपल्याकडे गोल्फ नाही, पण गायरान आहे, शाळेचे मैदान आहे, देवराई आहे. २०११ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे दूर करण्याच्या योजना आखायला राज्यांना बजावले. कायदा आहेच, पण सेंट अँड्र्यूजची सनदही होतीच की! कागद बोलत नाही, त्याच्या वतीने माणसांना बोलावे लागते. म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, एकदा मुलांना घेऊन गावाच्या सामाईक जमिनी पायी फिरून या. कोणती जागा कुणाची, कुठवर तिची शीव, हे त्यांना दाखवा. पुढे कधी ग्रामसभेत कुणी उठून "विकून टाका" म्हणालाच, तर उत्तर देणारा त्या मुलांतूनच निघेल.